कार्तिक ते वेळ अमावास्या : औसा परिसरातील हेमंतपूर्व सहली आणि वैद्यांचे कर्तव्य

कार्तिक शुद्ध नवमीपासून मार्गशीर्ष अमावास्येपर्यंतचा सुमारे पन्नास दिवसांचा काळ औसा परिसरातील वैद्य आणि औषधी दुकानदार या दोघांच्याही दृष्टीने वाट पाहण्याचा काळ असतो. सोयाबीनची मळणी आटोपलेली असते, रब्बीची ज्वारी व हरभरा जमिनीवर नुकता दिसू लागलेला असतो, पहाटे गारवा जाणवतो, परंतु दुपारचे ऊन अद्याप शरदाचेच असते. दुकानात अवलेह, पाक आणि सिद्ध तैले यांचा साठा भरून ठेवलेला असतो आणि ग्राहक मात्र थंडी पडल्याखेरीज त्यांच्याकडे वळत नाही. बर्फाळ प्रदेशातील डोंगरी गावे हिम पडून हंगाम सुरू होण्याची जशी प्रतीक्षा करतात, तशीच आपण हेमंताची करीत असतो.

या प्रतीक्षेच्या काळात आपल्या भागात घराबाहेर पडण्याची परंपरा मोठी आहे. आरंभी आवळीभोजन आणि अखेरीस वेळ अमावास्या, ज्यास आपण येळवस म्हणतो, अशा दोन वनभोजनांनी हा काळ दोन्ही टोकांना बांधलेला आहे. या दोहोंच्या मध्ये वैद्यांनी केवळ वनस्पती पाहण्यासाठी डोंगरावर जावे, असा आमचा आग्रह आहे आणि त्याची कारणे या लेखात मांडावयाची आहेत. ही परंपरा करमणुकीपुरती उरली, तर द्रव्य ओळखण्याची विद्या आपल्या हातून जाईल, ही आमची खरी चिंता आहे.

ऋतुसंधी आणि द्रव्यसंग्रह

आश्विन व कार्तिक हा शरद आणि मार्गशीर्ष व पौष हा हेमंत, ही ऋतुविभागणी आपणा सर्वांस परिचित आहे. वाग्भटाचार्यांनी संपणाऱ्या ऋतूचे अखेरचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस ऋतुसंधीचे मानले असून, त्या काळात पूर्वीची चर्या क्रमाने सोडावी व पुढील चर्या क्रमाने स्वीकारावी, असे सांगितले आहे. आपली पंचांगे चांद्रमासाची असल्याने ही संधी दरवर्षी त्याच तारखेस येत नाही. अधिकमासामुळे २०२३ च्या पंचांगातील वेळ अमावास्या ११ जानेवारी २०२४ रोजी आली, तर तिच्या पुढची ३० डिसेंबर २०२४ रोजी. म्हणून तिथीबरोबरच प्रत्यक्ष शीत, दंव, वारा आणि रुग्णाचा अग्नी पाहूनच निर्णय करणे इष्ट होय.

द्रव्यसंग्रहाच्या दृष्टीनेही हा काळ महत्त्वाचा आहे. शार्ङ्गधराचार्यांनी सर्व कार्यांसाठी सरस औषधे शरदात घ्यावीत आणि वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घ्यावीत, असा नियम दिला आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात त्वचा, कंद आणि क्षीर यांच्या संग्रहासाठी शरद, तर साराच्या संग्रहासाठी हेमंत सांगितला आहे. सुश्रुताचार्यांनी याही पलीकडे जाऊन द्रव्याच्या सौम्य वा आग्नेय स्वभावानुसार काल ठरवावा, असे प्रतिपादन केले आहे. मतभेद असले, तरी एक गोष्ट तिघांनाही अभिप्रेत आहे, ती अशी की औषध कोणत्या जमिनीतून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या अवस्थेत घेतले, हे वैद्यास ठाऊक असले पाहिजे. आज आपल्या दुकानात येणाऱ्या पोत्यावर यांपैकी किती गोष्टी लिहिलेल्या असतात, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आवळीभोजन आणि पाचशे आवळे

कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या वृक्षाचे पूजन करून त्याखाली सहभोजन करण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. आवळ्याची फळे याच सुमारास भरू लागतात आणि पुढे दोन-तीन महिने ती मिळत राहतात. ज्या झाडापासून हेमंतातील प्रमुख रसायन सिद्ध व्हावयाचे, त्याखाली हंगामाच्या तोंडी एकत्र बसावे, यात पूर्वजांची व्यवहारदृष्टी दिसते. झाड कोठे आहे, यंदा बहर कसा आहे, फळास कीड आहे काय, हे त्या एका दुपारी गावातील सर्वांस कळत असे.

अडचण अशी आहे की, आज आवळीभोजनासाठी आवळी शोधावी लागते. राज्यात वनक्षेत्र अत्यंत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. बांधावरची झाडे रस्तारुंदीकरणात, विहिरींच्या खोदकामात आणि यंत्राने नांगरटीच्या सोयीसाठी गेली. पुष्कळ ठिकाणी कुंडीतील रोपाची पूजा करून भोजन सभागृहात होते. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात काही उणे नसेल, परंतु फळाची पारख कुंडीतून होत नाही.

अवलेह करणाऱ्यांनी या संदर्भात एका हिशेबाकडे लक्ष द्यावे. चरकसंहितेत च्यवनप्राशासाठी पाचशे आमलकी फळे सांगितली आहेत, म्हणजे माप संख्येचे आहे, वजनाचे नाही. गावठी आवळा साधारण १२ ग्रॅमचा धरला, तर पाचशे फळांचे वजन ६ किलो होते. नरेंद्र-७ यांसारख्या कलमी वाणाचे फळ साधारण ४५ ग्रॅमचे धरले, तर तेच पाचशे नग साडेबावीस किलो भरतात. अर्धी तुळा मत्स्यंडिका मात्र दोन्ही वेळी तेवढीच, म्हणजे एक पल ४८ ग्रॅम या मानाने सुमारे २.४ किलो. घृत व तैलही ठरलेलेच. म्हणजे संख्या पाळूनही फळाचे इतर द्रव्यांशी असलेले प्रमाण जवळजवळ चौपट बदलते आणि पाक, चव, टिकाऊपणा व वीर्य या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. कोणते फळ घ्यावे यावर मतभिन्नता असू शकेल. परंतु फळ गावठी की कलमी, एका नगाचे सरासरी वजन किती आणि बी काढल्यानंतर गर किती मिळाला, या तीन नोंदी प्रत्येक पाकाच्या वेळी ठेवाव्यात. त्या ठेवणारा निर्माताच आपल्या अवलेहाविषयी विश्वासाने बोलू शकतो.

यमदंष्ट्रेचे सोळा दिवस

आवळीभोजन आणि येळवस या दोन भोजनांच्या मध्ये एक सावधगिरीचा काळ येतो. कार्तिकाचे अखेरचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांस शार्ङ्गधराचार्यांनी यमदंष्ट्रा म्हटले असून, त्या काळात अल्प आहार घेणारा सुखाने राहतो, असे सांगितले आहे. २०२४ साली आपल्या पंचांगानुसार हे दिवस सुमारे २३ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर असे येत होते. चंपाषष्ठीही याच कालावधीत येते.

यमाच्या दाढेची उपमा भीती घालण्यासाठी नसून, ती अवस्थेचे यथार्थ वर्णन आहे. शरदात प्रकुपित झालेले पित्त पूर्ण शमलेले नसते, अग्नी हेमंतातल्याप्रमाणे प्रदीप्त झालेला नसतो, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर पडते. त्यात आपल्याकडे मळणीची धूळ व उसाच्या पाचटाचा धूर यांची भर पडते. या काळात दवाखान्यांत श्वास, कास, प्रतिश्याय आणि अम्लपित्त यांचे रुग्ण वाढलेले आपण पाहतो. दिवाळीपासून सुरू झालेले गुरू, स्निग्ध व मधुर अन्न थांबत नाही आणि त्यावर थंडी लागली म्हणून रसायनेही सुरू होतात.

येथे औषधी दुकानदारांशी आमचे स्पष्ट निवेदन आहे. पहिली थंडी पडताच च्यवनप्राश वा अन्य पाक सरसकट प्रत्येकाच्या हाती देण्यापूर्वी भूक कशी लागते, मलप्रवृत्ती कशी आहे आणि मधुमेह आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. कोष्ठ शुद्ध नसता दिलेले रसायन मळकट वस्त्रास दिलेल्या रंगाप्रमाणे नीट चढत नाही, हे शास्त्रवचन विक्रीच्या टेबलावरही तितकेच लागू आहे. थोडी विक्री लांबणीवर पडेल, परंतु ग्राहकाचा अनुभव चांगला राहील आणि तो पुढील वर्षी पुन्हा येईल.

डोंगरावर काय पाहावे

हे सोळा दिवस जेवणाच्या सहलीचे नसले, तरी चालण्याच्या सहलीसाठी उत्तम आहेत. पावसाळी गवत वाळून वाटा मोकळ्या झालेल्या असतात, चिखल नसतो आणि बहुतेक वनस्पतींवर फळे अथवा बिया असल्यामुळे ओळख निश्चित करता येते. औसा तालुक्यातच खरोशाचा लेण्यांचा डोंगर आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ येथील संजीवनी बेट तर औषधी वनस्पतींसाठीच प्रसिद्ध आहे. सूर्य उत्तरा नक्षत्रात असताना, सप्टेंबरच्या मध्यापासून, तेथे श्रद्धेने मोठी गर्दी होते. वैद्यांनी मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी, गर्दी ओसरल्यावर जावे. पूर्वी दिसलेले रोप आता फळावर आलेले असते आणि एकाच वनस्पतीच्या दोन अवस्था पाहिल्याखेरीज ओळख पक्की होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या सहलींत आम्ही फार दुर्मीळ वनस्पतींच्या मागे लागत नाही. रोजच्या व्यवहारातील, परंतु बाजारात हमखास गोंधळ होणाऱ्या चार द्रव्यांपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो.

पहिले गोक्षुर. आपल्या माळावर जमिनीस लगटून पसरणारा सराटा, म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, हे लहान गोखरू होय. मोठे गोखरू ही वेगळ्या कुलातील पेडॅलियम म्युरेक्स ही वनस्पती. तिची ताजी फांदी पाण्यात ढवळली असता पाणी बुळबुळीत होते. ही परीक्षा शेतातच करता येते.

दुसरी पुनर्नवा. बोऱ्हाविया डिफ्युजा या वनस्पतीस जाड सोटमूळ, गुलाबी लहान फुलांचे झुबके आणि अंगास चिकटणारी फळे असतात. तिच्या नावाने खपणाऱ्या ट्रायन्थेमा म्हणजे वसू या वनस्पतीची पाने मांसल असून फुले पानांच्या बेचक्यात एकेकटी येतात. दोन्ही शेजारी उगवलेल्या पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

तिसरी शंखपुष्पी. मुरमाड उतारावर निळ्या बारीक फुलांची विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, आपणास सहज आढळते. शास्त्रीय व्यवहारात बहुतांशी स्वीकारलेली शंखपुष्पी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही आहे, तर केरळात गोकर्णीचा वापर होतो. आपण कोणती घेतली हे निदान निर्मात्याच्या नोंदवहीत असावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गुळवेल. २०२० च्या साथीत तिची मागणी अपरिमित वाढली आणि ज्यास जी वेल दिसली ती त्याने तोडली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार आढळलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला आणि पुढे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाहीर केला. त्या वादाच्या दोन्ही बाजूंस अभ्यासक आहेत. वैद्याचे कर्तव्य मात्र दुहेरी आणि निर्विवाद आहे. एक, क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व फुलास तीन पाकळ्या असतात, तर कॉर्डिफोलियाच्या खोडावर तशा गाठी नसतात व पाकळ्या सहा असतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवणे. दोन, यकृताचा पूर्वविकार असणाऱ्या रुग्णास दीर्घकाळ गुळवेल देण्यापूर्वी विचारपूस व आवश्यक तपासण्या करणे. चूर्ण झाल्यावर गाठीही दिसत नाहीत आणि पाकळ्याही दिसत नाहीत. म्हणूनच ही ओळख वेलीपाशी उभे राहूनच करावयाची आहे.

सहलीचे काही नियम असावेत. दंव सुकल्यावर निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी पहिली फेरी संपवावी, कारण दंव आणि ऊन हे दोन्ही शरदात वर्ज्य सांगितले आहेत. नमुना म्हणून एक फांदी घ्यावी, मूळ उपटू नये. लेण्यांच्या परिसरात पानासही हात लावू नये. स्थान, दिनांक, जमीन, अवस्था आणि स्थानिक नाव अशी पाच रकान्यांची नोंद ठेवावी. गुराखी, मेंढपाळ आणि शेतकरी स्त्रिया यांस आग्रहाने सोबत घ्यावे. पुष्कळ वनस्पतींची स्थानिक नावे आज केवळ त्यांच्याच तोंडी शिल्लक आहेत.

हिम पडण्यापूर्वीचा हिमालय

आपल्या माळावरून थोडे दूर पाहू. उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात औली हे बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे प्रसिद्ध ठिकाण आहे. दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील काही स्पर्धा तेथे जानेवारी २०११ मध्ये झाल्या. पर्यटकांस ही डोंगरउतरण हिमाच्छादित असतानाच ठाऊक असते. परंतु त्याच जिल्ह्यातील उंच खेड्यांतील लोक शरदाच्या अखेरीस जनावरे व सामान घेऊन खालच्या दरीत उतरतात, नोव्हेंबरात बद्रीनाथाचे द्वार बंद होते आणि पहिले हिम पडेपर्यंत डोंगर शांत असतो. त्यापूर्वीच्या आठवड्यांत उंच कुरणांवर कुटकी, अतिविषा आणि जटामांसी यांच्या मुळ्या खणल्या जातात.

त्या मुळ्यांचा औशाशी थेट संबंध आहे. आरोग्यवर्धिनीतील कुटकीचे प्रमाण आपणास ठाऊक आहे. इतर सर्व द्रव्यांइतकी एकटी कुटकी त्यात पडते. बालचतुर्भद्र अतिविषेवाचून होत नाही. वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कुटकी व जटामांसी यांचा आणि पहिल्या, अधिक कडक परिशिष्टात कुष्ठाचा समावेश आहे. याचा सरळ अर्थ असा की, ही द्रव्ये खाणीतून निघाल्याप्रमाणे अमर्याद मिळणार नाहीत. बी पडण्यापूर्वी खणलेली मुळी त्या वर्षी वजनात उतरते, परंतु पुढील वर्षीचे रोप नाहीसे करते. स्वस्त कुटकी मागणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराचा त्यात वाटा असतो. घाऊक व्यापाऱ्याकडे लागवडीच्या मालाची मागणी करणे आणि मिळाल्यास चार पैसे अधिक देणे, एवढे तर आपण येथे बसूनही करू शकतो. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांस आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींस काही सवलती दिल्या आहेत. परंतु औषधनिर्मात्यांनी मालाच्या उगमाची कागदपत्रे जपून ठेवणे त्यामुळे अधिकच आवश्यक झाले आहे.

येळवस : हेमंताचे स्वागत

या काळाचे दुसरे टोक म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हा दिवस मोठ्या सणाचा असतो. शेजारच्या कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या, म्हणजे तिळाची अमावास्या होय. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि रब्बीच्या हिरव्या शेतात माणसे दिसतात. कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, आंबील शिंपडली जाते आणि ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता येणाऱ्या-जाणाऱ्यास जेवावयास बसविले जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने याच औसा तालुक्यातील गावे उद्ध्वस्त केली. गावांचे पुनर्वसन दूर झाले, शेते मात्र होती तेथेच राहिली. त्या गावांतील कुटुंबे येळवशीस जुन्या शिवारात परततात, तेव्हा हा सण केवळ भोजनाचा राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यानंतर आलेल्या येळवशीचे मोलही येथील प्रत्येकास ठाऊक आहे.

आहारशास्त्राच्या दृष्टीने या दिवसाची योजना विचार करण्याजोगी आहे. हरभरा, तूर, वाटाणा, वाल आणि हंगामी भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची व ताकाची आंबील, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर, असा बेत असतो. शिंबीधान्ये वातकर व विष्टंभी खरी, परंतु सोबत लसूण, तीळ आणि आंबट द्रव यांची जोड आहे. शिवाय यमदंष्ट्रा मागे पडून जवळजवळ तीन आठवडे झालेले असतात. हेमंतात शीताने कोंडलेला अग्नी बलवान होतो व पुरेसे इंधन न मिळाल्यास शरीरातील रसासच जाळतो, असे चरकाचार्य सांगतात. आवळ्याने आरंभ, मध्ये लंघनाची पायरी आणि अग्नी प्रदीप्त झाल्यावर भरपूर भोजन, असा हा क्रम आहे. यातील मधली पायरी आज लोकांच्या विस्मरणात गेली आहे. ती आठवून देणे हे आपले काम होय.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी अजीर्णाचे रुग्ण येणारच. त्यांस उपदेश करण्यापेक्षा आदल्या दिवशीच मधुमेही रुग्णांस खीर व पोळीचे प्रमाण, वृद्धांस भज्जीचे प्रमाण आणि सर्वांस रात्रीचे लंघन समजावून सांगणे अधिक उपयुक्त ठरते.

पुढील कार्तिकापूर्वी

केंद्र शासनाने २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस नेला आहे. त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस आता सभा-समारंभांतून मोकळे झाले आहेत. ते वैद्यांनी डोंगरास द्यावेत.

प्रत्येक तालुक्यातील व्यावसायिकांनी कार्तिकात एक आणि मार्गशीर्षात एक अशा दोन सहली कराव्यात. औषधी दुकानदारांनी आपल्या साठ्यातील चार द्रव्यांचे नमुने सोबत आणावेत आणि ताज्या वनस्पतीशी ते सर्वांसमक्ष ताडून पाहावेत. जुळले तर समाधान, न जुळले तर पुढील खरेदीत सुधारणा. प्रत्येकाने पावसाळ्यात एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर एक गावठी आवळी लावून ती तीन उन्हाळे जगवावी. कलमाइतके लवकर फळ ती देणार नाही, परंतु पाणी कमी असले तरी तग धरेल. तिच्या सावलीत ज्या दिवशी आवळीभोजन होईल, त्या दिवशी कुंडीतील रोपाची गरज उरणार नाही आणि पाचशे फळे मोजताना ती कोठून आली, हे कोणास विचारावे लागणार नाही.